सगळ्यांत शांत आठवडा

१

कान तपासायच्या दवाखान्यात त्याला सगळे बटणराव म्हणत. आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव हजेरीच्या वहीत तेवढं उरलं होतं. बावीस वर्षं तो दिवसातून पंधरा-वीस वेळा एकच बोलणं बोलत आला होता: आवाज आला की बटण दाबा, बारीक आला तरी दाबा, आला की नाही अशी शंका आली तरी दाबा. समोर जाड दाराचा, आतून कापडाने मढवलेला बूथ, बूथला एक काच, आणि काचेपलीकडे हेडफोन चढवून परीक्षेला बसल्यासारखे बसलेले कोणीतरी आजोबा. बटणराव बाहेरून एकेक आवाज आत सोडायचा आणि आजोबांच्या अंगठ्याकडे बघायचा. कोणाला काय ऐकू येत नाही हे त्याला त्यांच्या सुनांच्या आधी कळायचं.

त्याची बायको शाळेत खेळ शिकवायची. मुलांनी तिचं नाव शिट्टीबाई ठेवलं होतं, पण खरं सांगायचं तर तिला शिट्टीची गरज नव्हती. मैदानाच्या या टोकाला उभी राहून ती त्या टोकाच्या पोराला नुसत्या आवाजाने कुंपणावरून खाली उतरवायची. घरीही तेच. ती हसली की खालच्या मजल्यावरची म्हातारी जिन्यात येऊन विचारायची, काय झालं, मलाही सांगा. "बाई, तुझा आवाज मोजायला माझं यंत्र पुरायचं नाही," असं बटणराव म्हणायचा, आणि ती आणखी मोठ्याने हसायची.

दोन वर्षांपूर्वी तिला ताप आला. तीन आठवड्यांनी तो उतरला आणि जाताना तिच्या कानांचं काहीतरी करून गेला. बहिरेपण आलं असतं तर बटणरावाला त्याच्यावरचे दहा उपाय माहीत होते. इथे उलटच होतं. तिला सगळं ऐकू येत होतं आणि सगळं दुखत होतं. बशीवर चमचा टेकला तरी ती पोटात कोणी मारल्यासारखी वाकायची. त्याने स्वतः तिला बूथमध्ये बसवून तपासलं. आलेख विशीतल्या मुलीसारखा निघाला. मोठ्या डॉक्टरांनी तो बघून मान हलवली आणि म्हणाले, कानात दोष नाही, आत कुठेतरी घडी बिघडली आहे, पूर्ण विसावा मिळाला तर बसेलही. कुठेतरी खरोखर शांत जागी न्या. दोन वर्षांत बसली तर बसली.

घरात त्याने करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. खुर्च्यांच्या पायांना लोकरीचे तुकडे, लाकडी चमचे, भिंतीवरचं घड्याळ कपाटात, दाराची घंटा काढलेली. खुर्ची ओढायची नाही, दोन्ही हातांनी उचलायची आणि आधी मागचे पाय टेकवून मग पुढचे, अशी ठेवायची. तिला स्वतःचा आवाजही सोसत नसे, म्हणून ती वहीत लिहायची. शाळेने तिची जागा जूनपर्यंत राखून ठेवली होती. पण बटणरावाला जागेचं एवढं काही नव्हतं. तिने एकदा पूर्वीसारखं ओरडावं, त्याच्यावर ओरडावं, खालच्या म्हातारीने जिन्यात यावं, एवढंच त्याला हवं होतं. देवाकडे मागायला हे फार मोठं नाही, असं त्याला वाटायचं.

२

भूमध्य समुद्राचं तिच्याच डोक्यात होतं. लग्नाच्या आधीपासून एका मासिकातून कापलेलं चित्र तिच्या कपाटाच्या दारावर चिकटवलेलं होतं: पांढऱ्या भिंती, निळ्या खिडक्या, खाली पाणी. तेव्हा जायचं ते भर उन्हाळ्यात, गर्दीत, पाण्यात धुडगूस घालायला. आता तेच ठिकाण पण माणसांशिवाय हवं होतं.

कोणता महिना शांत, असं विचारलं तर प्रवासाचं सांगणारे लोक ठरलेलं उत्तर देतात: ऑक्टोबर छान, एप्रिलही छान, गर्दी कमी असते. बटणरावाला असल्या "छान"शी देणंघेणं नव्हतं. त्याला आकडा हवा होता. त्याने एका लहानशा हॉटेलच्या मालकीणबाईंना लिहिलं. गाव समुद्राला लागून, हॉटेल एका गल्लीच्या शेवटी, खोल्या सहा. त्याने विचारलं, दुसऱ्या मजल्यावरच्या समुद्राकडच्या खोलीत दर महिन्याच्या पंधरा तारखेला, दुपारी बाराला, फोन टेबलावर ठेवून एक मिनिटाचा आवाज टिपून मला पाठवाल का? कोणतीही शहाणी बाई अशा माणसाला उत्तर देणार नाही. पण त्याने बायकोचं सगळं लिहिलं होतं, आणि मालकीणबाई मनाने मऊ असाव्यात. त्यांनी पाठवायला सुरुवात केली.

महिन्याला एक मिनिट. बटणराव दुपारच्या सुट्टीत बूथमध्ये जाऊन बसायचा, हेडफोन लावायचा आणि ते मिनिट पाच-सहा वेळा ऐकायचा. मार्चमध्ये कबुतरं होती. मेमध्ये खाली कोणीतरी टेबलं ओढत होतं. ऑगस्ट म्हणजे नुसता बाजार. ऑक्टोबरला स्कूटर गेली, डिसेंबरला लांबवर लाकूड कापायचं यंत्र. प्रत्येक मिनिटाच्या तळाशी समुद्र असायचा, आणि फोनजवळ मालकीणबाईंचा श्वास. जड अंगाच्या, जिना चढून आलेल्या बाईचा श्वास. मिनिट संपलं की त्या त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटायच्या. "झालं बाई एकदाचं" असंच असणार. तो प्रत्येकाचा आकडा काढून तक्त्यात भरायचा.

बायको त्या तक्त्याकडे बघून वहीत लिहायची, "लग्न ठरवताना एवढं पारखलं होतंस का मला?" तो हसायचा. आवाज न करता हसायला तोही शिकला होता.

३

फेब्रुवारीचं मिनिट आलं, त्याचा आकडा बाकी सगळ्यांपेक्षा इतका खाली होता की त्याला आधी वाटलं फाईल रिकामीच आली.

रिकामी नव्हती. नेमकी एक मिनिटाची होती. पण तिच्यात समुद्र नव्हता. कबुतर नव्हतं. कोणत्याही फोनच्या माइकला स्वतःची एक बारीक खरखर असते, ती मशीनबरोबरच जन्माला येते, तीही नव्हती. आणि श्वास नव्हता. बटणरावाने डोळे मिटून पुन्हा लावलं. एक्केचाळिसाव्या सेकंदाला एक आवाज होता. एकच. खुर्ची उचलून ठेवल्याचा. आधी मागचे पाय, मग पुढचे.

त्याच्या मनात पाल चुकचुकली. मग त्याने स्वतःला समजावलं. समजावण्यात तो पटाईत होता, रोज पेशंटच्या नातेवाइकांना तेच करायचा. बाई थकल्या असतील, बसल्या असतील. आपण एवढं दुखणं लिहून कळवल्यावर त्याही आता जपून खुर्ची ठेवत असतील. त्याने आभाराचं पत्र पाठवलं आणि विचारलं की फेब्रुवारीत फोन नवीन घेतलात का.

उत्तर चार दिवसांनी आलं. त्या लिहीत होत्या, फेब्रुवारीत मी पाठवलेलं नाही, माफ करा. दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही बंद ठेवतो. मी मुलीकडे असते. हॉटेलात कोणी नसतं.

झाडणारी बाई असेल, तिला सांगून ठेवलं असेल आणि विसरल्या असतील, असं त्याने ठरवलं. ठरवलं, कारण तोपर्यंत बारा महिन्यांचा तक्ता पुरा झाला होता आणि बारांपैकी एकच महिना असा होता की ज्यात त्याच्या बायकोला दुखावं असं काही नव्हतं. ज्याचं जळतं त्याला कळतं. त्याने पुढच्या फेब्रुवारीतला दुसरा आठवडा मागितला. मालकीणबाईंनी नको म्हणून कळवलं. मार्च घ्या, जानेवारी घ्या, जेवण माझ्याकडून. त्याने पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा नको म्हटलं, कारण काही दिलं नाही. तेव्हा त्याने एक खोटं लिहिलं: डॉक्टरांनी हाच आठवडा सांगितला आहे. यावर त्यांनी बरेच दिवसांनी दोन ओळी पाठवल्या. किल्ली कोपऱ्यावरच्या पाववाल्याकडे असेल. मी तिथे नसेन.

बायकोची मोठी बहीण, ताई, दर रविवारी मोजे घालून, पायऱ्या चढताना श्वास धरून भेटायला यायची. तिने तक्ता बघितला, त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि कुजबुजली, "भावजी, रागावू नका. तिला माणसांत ठेवा. दुखू दे थोडं. अति तिथे माती होते. शांत शांत म्हणून किती शांत करणार आहात तिला?"

तो रागावला नाही. ताईंना यातलं काय कळतं, असं मात्र त्याला वाटलं. बावीस वर्षांचा त्याचा अनुभव होता.

४

प्रवास कसा झाला ते सांगण्यात अर्थ नाही. विमानात ती कानांत बोळे, वर कानझापा, त्यावर शाल अशी गुंडाळून त्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि त्याच्या पँटचा गुडघा ओला झाला होता. पुढे दोन तास बस. दुपारी पावणेबाराला बसने त्यांना गल्लीच्या तोंडाशी उतरवलं.

गल्लीतली दुकानं बंद होती. एका खाणावळीबाहेर खुर्च्या टेबलांवर उलट्या घालून साखळीने बांधल्या होत्या. पाववाल्याने किल्ली दिली, दोन पाव आणि सहा अंडी पिशवीत घालून दिली, आणि पाठीमागे दुकानाचं शटर ओढलं. ते ओढायच्या आधी त्याने तिच्याकडे बघून हाताने खूण केली, कान झाकून घ्या. तेवढं त्याला कोणीतरी सांगून ठेवलं होतं. मग त्याने स्वतःची बॅग उचलली आणि ज्या बसने हे आले त्याच बसमध्ये तो चढून बसला.

खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या शेवटी. पांढऱ्या भिंती, लोखंडी पलंग, काचेच्या दारांचं एक काळपट कपाट, खिडकीशी लहान टेबल आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन खुर्च्या. कोपऱ्यात चहापुरती शेगडी. खिडकीखाली समुद्र, चित्रातल्यासारखाच. तिने कानझापा काढल्या. मग एका कानातला बोळा. थांबली, तोंड वेडंवाकडं करून वाट बघत राहिली. मग दुसराही काढला.

बटणराव भिंतीला पाठ लावून उभा होता. श्वास घ्यायचीही त्याला भीती वाटत होती.

ती खुर्चीत बसली, त्याच्याकडे बघितलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा, वहीत नाही, कुजबुजून नाही, साध्या बोलायच्या आवाजात म्हणाली, "बटणराव, चहा टाका की."

तो शेगडीकडे वळला, कारण त्याला रडू येत होतं. चहा उतू गेला. तिला त्या चुर्र आवाजाने काही झालं नाही, ती हसली.

५

पहिले तीन दिवस त्यांचे सोन्यासारखे गेले. ती भरभरून बोलत होती. दोन वर्षांचं साठलेलं होतं. शाळेतल्या मुलांच्या गमती, ताईच्या तक्रारी, बटणराव झोपेत काय बरळतो ते. तिसऱ्या दिवशी तिने लोखंडी कप मुद्दाम टेबलावर आपटला, पुन्हा आपटला, आणि टाळ्या पिटल्या. "बघ, दुखत नाही! अजिबात नाही!" त्याने ताईंना पत्र लिहायला घेतलं, त्यात "सांगितलं होतं ना" असं न लिहिण्याइतका मोठेपणा दाखवला.

दर दुपारी बाराला तो खोलीतला आवाज मोजायचा. दवाखान्यातलं हातात धरायचं यंत्र त्याने बरोबर आणलं होतं. पहिल्या दिवशी अठ्ठावीस डेसिबल आले. दुसऱ्या दिवशी बावीस. तिसऱ्या दिवशी सोळा. इथे तो जरा थबकला, कारण ते यंत्र विसाच्या खाली दाखवूच शकत नव्हतं. तसं ते बनवलेलंच नव्हतं. दर वर्षी तपासणीला पाठवायचा तोच, त्याला माहीत होतं. प्रवासात आपटलं असेल, असं म्हणून त्याने सेल काढून परत घातले. अकरा.

चौथ्या दिवशी तो खिडकीत उभा होता. खाली लाटा खडकांवर येत होत्या, चांगल्या कंबरभर उंच, फेस उडवत. आणि त्या फुटताना आवाज येत नव्हता. येत नव्हता असंही नाही. शेजारच्या घरात कोणी गादी झटकावी तेवढा येत होता. त्याने कानात बोट घालून हलवलं. विमानाने दडे बसले असतील, वय पन्नाशीला टेकलंय, मळ असेल. त्याने कानाजवळ चुटकी वाजवली. बोटं एकमेकांवरून घसरल्याचं कळलं, तेवढंच.

मनाची खात्री करायला तो खाली उतरला आणि गल्लीच्या तोंडाशी, बसथांब्यापर्यंत गेला. तिथे सगळं होतं. पाखरं होती, वारा होता, पत्र्याची पाटी खडखडत होती, आणि समुद्र केवढ्यातरी मोठ्याने गर्जत होता. म्हणजे कान ठीक होते. तो परत फिरला. पाववाल्याच्या बंद दुकानापाशी पाटीचा खडखडाट संपला. खाणावळीपाशी समुद्र गेला. जिन्यात शिरला तेव्हा त्याच्या बुटांचा आवाज येत होता. पहिल्या मजल्याच्या वळणावर तो अर्धा झाला, आणि वर पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. दार उघडलं तर बायको मोठ्याने गात असावी. तिच्या गळ्याच्या शिरा ताठल्या होत्या. त्याला ऐकू आलं ते माशी गुणगुणल्याइतकं.

तेव्हा त्याला उमगलं. ती बरी झालेली नव्हती. इथे तिच्यापर्यंत काही पोचत नव्हतं, एवढंच होतं.

६

पाचव्या दिवशी त्याने तिला फिरायला नेलं. काय होणार हे त्याला ठाऊक होतं आणि तरी नेलं, याची त्याला नंतर फार लाज वाटली. खाणावळ ओलांडली तशी ती बिचकली. पाववाल्याच्या दुकानापुढे तिने दोन्ही हात कानांवर दाबले. तेवढ्यात वरच्या रस्त्याने एक मोटरसायकल गेली आणि ती जमिनीवर बसली, अंगाची मुटकुळी करून, तोंड उघडं, आवाज नाही. पहिल्यापेक्षा वाईट. पुष्कळ वाईट. त्याने तिला जवळजवळ उचलूनच परत आणलं.

खोलीत आल्यावर ती निवली. त्याने तिला झोपवलं. नंतर तिला काहीतरी सांगायचं म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू न आल्यावर त्याने ते मिटून घेतलं. त्यानंतर तो त्या खोलीत एक शब्द बोलला नाही. बोलून उपयोग नव्हता.

ती मात्र बोलत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तो दारात उभा राहून तिच्याकडे बघत होता. ती खिडकीशी बसून ओठ हलवत होती, हातवारे करत होती. एखादं वाक्य संपलं की थांबायची, मान तिरकी करून ऐकायची, हं हं करायची, मग खांदे उडवून हसायची. समोरची खुर्ची रिकामी होती.

त्याने वही घेतली. या वहीत आजवर फक्त तिचं अक्षर होतं. त्याने लिहिलं, "कोणाशी बोलतेस?"

तिने वाचलं, चेष्टा कळल्यासारखी हसली, आणि त्याच्या हातातून पेन्सिल घेऊन लिहिलं:

"तुझ्याशीच की. कालपासून किती गोड बोलतोयस. घरी गेल्यावर असाच बोल."

त्याने ती ओळ तीनदा वाचली. ताप उतरल्यावर काही लोकांना भास होतात, हे त्याला माहीत होतं. फार दिवस आवाज नसला की मेंदू स्वतःच आवाज तयार करतो, हेही त्याने कितीतरी जणांना समजावून सांगितलं होतं. तेच तो आता स्वतःला सांगत होता, एकेक वाक्य नीट जुळवून, आणि सांगता सांगता त्याची नजर कपाटाच्या काळपट काचेवर गेली.

काचेत खिडकी दिसत होती, टेबल दिसत होतं, बायको दिसत होती. तिच्यासमोर खुर्चीच्या कडेला दोन गुडघे होते. पुरुषाचे, पँट घातलेले. एका गुडघ्यावर हात ठेवलेला होता आणि त्या हाताचा अंगठा हळूहळू खाली-वर होत होता. बाकीचं काचेच्या चौकटीबाहेर होतं.

तो वळला. खुर्ची रिकामी होती. पुन्हा काचेत बघायचं धैर्य त्याला झालं नाही.

७

बस दिवसातून एकच, पावणेबाराची. सातव्या दिवशी सकाळी त्याने वहीत लिहिलं, आज निघू. तिचा चेहरा उतरला, पण ती हो म्हणाली. तिने बोळे काढून ठेवले, शाल घडी केली, केस विंचरले. तो मनातल्या मनात देवाला हात जोडत होता. घरी सगळं दुखू दे. वाकू दे तिला, रडू दे, वहीत लिहू दे जन्मभर. ताईंना आपण सांगू, तुमचं खरं होतं. तिचा आवाज न ऐकता उरलेलं आयुष्य काढायला तो आता तयार होता, ती बरोबर असली म्हणजे झालं.

साडेअकराला त्याने दोन्ही बॅगा उचलल्या. तिने खूण केली, हो पुढे, बोळे घालते, आलेच. बस थांबणार नाही ही धास्ती त्याला होतीच. दुसरी बस उद्या, आणि उद्यापर्यंत या खोलीत काय होईल, याचा विचार त्याला करायचा नव्हता. तो उतरला. पहिल्या मजल्याच्या वळणावर बुटांचा आवाज सुरू झाला आणि त्याला इतकं बरं वाटलं की उरलेल्या पायऱ्या त्याने जवळजवळ धावतच घेतल्या.

गल्ली किनाऱ्याला धरून वळायची, त्यामुळे तिच्या तोंडापासूनही त्यांची खिडकी दिसायची. तिथून त्याने मागे बघितलं. ती जिन्यात नव्हती. खिडकीत होती. कोपरं टेकून, समुद्राकडे बघत, घाई नसलेल्या माणसासारखी.

त्याने हात हलवला. तिने बघितलं नाही. वरच्या रस्त्यावर बसचं इंजिन ऐकू यायला लागलं. तेव्हा त्याने बॅगा खाली टाकल्या, खाणावळीपर्यंत मागे धावला आणि छाती भरून तिला हाक मारली. लग्नाआधी मारायचा ती हाक. ती भिंतींवर आपटून त्याच्याच कानांत परत आली. चल, तो ओरडला. बस आली. खाली ये.

तिने मान वळवली. त्याच्याकडे नाही. आत, खोलीकडे.

आणि मग तिचा आवाज आला. एवढ्या लांबून, वरून, स्वच्छ, मैदानभर जाणारा तो आवाज. दोन वर्षं त्याने दुसरं काही मागितलं नव्हतं. गल्लीतल्या बंद खिडक्यांची तावदानं थरथरली असतील. एकेक शब्द त्याला ऐकू आला.

"नाही जायचं म्हणतोस? बरं. नाही जायचं मग."

तिने खिडकीची दारं ओढून घेतली. आधी एक, मग दुसरं, काळजीपूर्वक, वाजू न देता.

बसवाल्याने एकदा हॉर्न दिला. बटणराव जिन्याकडे धावला. तो हाका मारत चढत होता, एका वेळी दोन-दोन पायऱ्या, आणि पहिल्या मजल्याचं वळण गेल्यावर आपण हाका मारतो आहोत की नुसतं तोंड उघडतो आहोत, हे त्याला सांगता आलं नसतं. तरी तो मारतच राहिला.